भाषा-शंका : ‘पुट’ नेमकं कुठं ठेवायचं?

‘पुट’ हे इंग्रजी क्रियापद आपल्याकडे तिसरी-चौथीतच पाठ होतं, आणि बहुधा म्हणूनच त्याकडे नंतर कुणी बघत नाही. या महिन्याच्या टपालात त्याच्यावरच इतके प्रश्न आले की बाकीचे पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

‘बॅग टेबलावर ठेव’ याला मी सवयीने ‘कीप द बॅग ऑन द टेबल’ म्हणते. परदेशी सहकाऱ्याने ‘पुट’ म्हण असं सुचवलं. दोन्हींत फरक काय? (वाचक, पुणे)

गोंधळ आपल्या ‘ठेवणे’मुळे होतो. हातातली वस्तू खाली ठेवणं आणि ती तिथंच राहू देणं, ही दोन्ही कामं मराठीत एकच क्रियापद करतं. इंग्रजीत त्यांची वाटणी झालेली आहे. वस्तू जागेवर पोचेपर्यंत ‘पुट’, पोचल्यानंतर ‘कीप’. ‘दूध फ्रीजमध्ये ठेव’ म्हणजे ‘पुट द मिल्क इन द फ्रिज’. ‘आम्ही दूध फ्रीजमध्ये ठेवतो’ ही घरची रीत झाली. तिथं ‘वी कीप द मिल्क इन द फ्रिज’. आणि ‘जाताना किल्ली शेजारी ठेवून जा’ याला दोन्ही चालत नाहीत. वस्तू मागे ठेवून आपण निघायचं असेल तर ‘लीव्ह’.

पारख सोपी आहे. मराठी वाक्यात ‘ठेव’च्या जागी ‘राहू दे’ बसवून बघा. बसलं तर ‘कीप’. रिक्षावाला सुट्टे पैसे परत देऊ लागला की त्याला ‘राहू दे’ म्हणतो, ते ‘कीप द चेंज’.

दुसरी चूक यातूनच निघते. मराठीत ‘मी पुस्तक ठेवलं’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘आय पुट द बुक’ मात्र अर्धवट, ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘पुट’ला जागा सांगावीच लागते : ‘ऑन द शेल्फ’, ‘देअर’, निदान ‘डाउन’ किंवा ‘अवे’. ‘डाउन’ म्हणजे हातातून खाली, ‘अवे’ म्हणजे त्याच्या नेहमीच्या जागी.

उलट दिशेनं पाहिलं तर एकट्या ‘पुट’साठी मराठीला चार क्रियापदं लागतात. चहात साखर *घालतो*, पेटीत पत्र *टाकतो*, भिंतीवर कॅलेंडर *लावतो*, ताटाखाली पाट *ठेवतो*. इंग्रजीत सगळीकडे ‘पुट’.

‘पुट ऑफ इट’ की ‘पुट इट ऑफ’? आणि ‘पुट अप विथ’ला हाच नियम लागतो का? (वाचक, नागपूर)

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. कर्म नाम असेल तर ते कुठंही चालतं : ‘पुट ऑफ द मीटिंग’ किंवा ‘पुट द मीटिंग ऑफ’. पण कर्म ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ असं सर्वनाम असेल तर ते मधेच यायला हवं : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑन’, ‘पुट अवे’, ‘पुट आउट’ यांनाही हेच लागू. ‘पुट अप विथ’, म्हणजे सहन करणे, ही मात्र तीन डब्यांची न सुटणारी गाडी. कर्म शेवटीच : ‘आय कॅन्ट पुट अप विथ इट’. मधे काही घुसवलं की अर्थच बदलतो. ‘पुट हिम अप’ म्हणजे त्याला मुक्कामाला ठेवून घेणं! ज्याला सहन करत नाही त्याच्यासाठी अंथरूण घालायची वेळ येते.

‘पुट ऑफ’नंतर क्रियापद आलं तर ते ‘-इंग’ लावून येतं. ‘शी पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’ बरोबर, ‘पुट ऑफ टु गो’ चूक. मराठीतलं ‘जायचं टाळलं’ डोक्यात असतं म्हणून तो ‘टु’ शिरतो.

‘पुट ऑफ’चा एक वेगळा अर्थही आहे, मन उडणे. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासानं खायची इच्छाच गेली. दिव्याचं काय? ‘पुट ऑन द लाइट’ आजही सर्रास म्हणतात, पण मालवताना ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणावं. ‘पुट ऑफ द लाइट’ आता जुनाट वाटतं. ‘पुट आउट’ मुख्यतः आगीचं : मेणबत्ती, सिगारेट, चूल.

जाता जाता ‘पुट ऑन’. कपडे चढवण्याची क्रिया चालू असेल तोवरच ‘पुट ऑन’, अंगावर आल्यावर ‘वेअर’. मराठीत दोन्हींना ‘घालणे’ किंवा ‘नेसणे’. ‘तिनं निळी साडी नेसली आहे’ याचं भाषांतर ‘शी इज पुटिंग ऑन अ ब्लू सारी’ असं केलं, तर निऱ्या अजून तिच्या हातात आहेत आणि पदर जमिनीवर. हवं ते ‘शी इज वेअरिंग’.

आमच्या कचेरीत रोज ‘फाईल पुट-अप’ होते. हे इंग्रजी बाहेर चालेल का? ‘व्हेअर आर यू पुट अप?’ हेही विचारतात. (वाचक, अमरावती)

टिप्पणी लिहून फाईल वरिष्ठांसमोर ठेवणं, हा ‘पुट अप’ आपल्या सरकारी कचेऱ्यांत इतका मुरला आहे की तिथं तो चूक म्हणायचं कारण नाही. (मराठी टिप्पणीत ‘सादर’ हा नेटका शब्द आहे, तो वापरावा.) पण लंडनच्या कंपनीला ‘द फाइल हॅज बीन पुट अप’ असं लिहिलंत तर फाईल भिंतीवर टांगली की माळ्यावर टाकली, असा प्रश्न पडेल. तिथं ‘सबमिटेड फॉर अप्रूव्हल’ लिहा. बाहेर ‘पुट अप’ म्हणजे तंबू किंवा फळी उभारणं, पोस्टर लावणं, भाव वाढवणं, पाहुण्याला दोन रात्री ठेवून घेणं. या शेवटच्या अर्थामुळेच ‘व्हेअर आर यू पुट अप?’ कायम राहणाऱ्याला विचारू नये. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ पुरे.

गोळाफेकीला ‘थ्रो’ न म्हणता ‘शॉट पुट’ का म्हणतात? आणि ‘बट’, तर ‘पुट’ का? (वाचक, कोल्हापूर)

‘पुट’चा एक जुना अर्थ ढकलणे, रेटणे असा आहे, आणि या खेळात तो शाबूत राहिला. नियमही तसाच आहे. गोळा एका हातानं, खांद्यापासून ढकलायचा. सुरुवातीला तो मानेला किंवा हनुवटीला टेकलेला किंवा अगदी जवळ हवा. त्यानंतर हात त्या पातळीखाली उतरला किंवा गोळा खांद्यांच्या रेषेमागे गेला की फाऊल. चेंडूसारखा फेकला तर प्रयत्न बाद. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा. म्हणजे ‘गोळाफेक’ या मराठी नावापेक्षा इंग्रजी नाव नियमाला अधिक धरून आहे. गोल्फमधला ‘पट’ हाही ‘पुट’चाच स्कॉटिश भाऊ. गंमत म्हणजे ‘पुटिंग’ आणि ‘पटिंग’ यांचं स्पेलिंग एकच, फरक फक्त उच्चारात.

उच्चाराचं म्हणाल तर पूर्वी ‘बट’ आणि ‘पुट’ यांचा स्वर एकच होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ‘उ’चा बराच भाग ‘अ’कडे सरकला. ओठांनी उच्चारायच्या वर्णांनंतर काही शब्दांत जुना ‘उ’ टिकला : ‘पुट’, ‘पुल’, ‘पुश’, ‘फुल’, ‘बुल’. सरसकट नाही, ‘बट’ तर ‘ब’नं सुरू होऊनही सरकला. उत्तर इंग्लंडमध्ये आजही अनेक जण दोन्ही शब्द एकाच स्वरात म्हणतात.

‘पुट द कार्ट बिफोर द हॉर्स’ म्हणजे ‘वरातीमागून घोडं’च ना? (वाचक, ठाणे)

नाही, दोन्हींत घोडा आहे एवढंच. वरातीमागून येणारं घोडं उशिरा येतं. त्यात वेळ चुकलेली असते. घोड्यापुढे गाडी जुंपली की क्रम चुकतो. ‘आधी कळस, मग पाया’ हे जवळचं.

पायाच्या तीन वाक्प्रचारांतही घोटाळा होतो. ‘पुट युअर फूट डाउन’ म्हणजे ठामपणे नकार देणे. ‘पुट युअर फीट अप’ म्हणजे तंगड्या पसरून आराम करणे. ‘पुट युअर फूट इन इट’ म्हणजे नको ते बोलून बसणे. पहिल्या आणि तिसऱ्यात पाय एक, दुसऱ्यात दोन. तिथं एकवचन वापरलंत तर आराम एकाच पायाला.

‘हाऊ शॅल आय पुट इट?’ हे मात्र कुणाला अडत नाही, कारण मराठीतही तेच चित्र आहे : ‘कसं मांडू?’ आपण ताटं मांडतो, तसा मुद्दाही मांडतो.

‘पुट’चा भूतकाळही ‘पुट’च. मग वाक्य आजचं की कालचं हे कळायचं कसं? (वाचक, बेळगाव)

‘ही’, ‘शी’, ‘इट’ असेल तर शेवटचा ‘स’ बघा. ‘ही पुट्स द की देअर’ म्हणजे रोज ठेवतो. ‘ही पुट द की देअर’ म्हणजे ठेवली. ‘आय’ आणि ‘दे’ला ही सोय नाही, तिथं ‘यस्टरडे’ किंवा ‘एव्हरी डे’ लिहूनच टाकावं. ‘पुटेड’ असा शब्द नाही.