गाठी वाढल्या तरी एआरटी (एचआयव्हीची औषधं) आपल्या मनाने थांबवू नका

ताई, तुम्ही लिहिलंत की एचआयव्ही असलेल्या भावाचा सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) ६०, मानेतल्या गाठीच्या टीबीची औषधं चालू, महिन्याभरापूर्वी एआरटी लागली आणि आता ताप येऊन गाठी पहिल्यापेक्षा मोठ्या झाल्यात. घरचे म्हणतात गोळ्या मानवत नाहीत, बंद करू. नेमकं हेच माझ्या दिराचं झालं होतं.

एका खाजगी दवाखान्यात गाठ चाचपली आणि सांगितलं, "डोस हेवी होतोय, सगळं थांबवा." फाईल उघडूनही पाहिली नाही, एआरटी सेंटरला विचारा असंही कोणी म्हणालं नाही. औषधांच्या त्या खंडात टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेला. दीर वाचला, पण डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

सीडी४ पेशी रोगाशी लढणाऱ्या बाकीच्या पेशींना हुकूम देतात. त्या घटल्या की सीडी८ पेशी सतत चेतलेल्या राहून थकतात, बी पेशी ढीगभर अँटिबॉडी बनवतात पण कामाच्या थोड्याच. ताकद जाते तशी शिस्तही जाते. एआरटीने एचआयव्हीचा विषाणू दबला की ताकद काही आठवड्यांत परतू लागते, शिस्त मागाहून येते. मग टीबीच्या जंतूंवर, अगदी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही, पेशी तुटून पडतात. गाठ सुजते, कधी पू होतो, ताप चढतो. डॉक्टर याला आयरिस म्हणतात. सीडी४ फार खाली असताना एआरटी लागली की हे जास्त दिसतं.

मी डॉक्टर नाही. औषधांना दाद न देणारा टीबीही असू शकतो, म्हणून गाठीतून सुईने नमुना काढून सीबीनॅट (टीबीचे जंतू आणि ते औषधाला दाद देतात का हे बघणारी तपासणी) करायचं का, हे सेंटरला विचाराच. आयरिस निघाला तर बहुतेक वेळा दोन्ही औषधं चालूच ठेवतात आणि गरज पडली तर प्रेडनिसोलोन (सूज कमी करणारं स्टिरॉइड) देतात. ते मेडिकलमधून परस्पर आणू नका. डोकं असह्य दुखलं, उलट्या झाल्या, बरळायला लागला किंवा धाप लागली तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठा.

आणखी एक. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर या एआरटीतल्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं. म्हणून टीएलडी (डोल्युटेग्राविर असलेली तीन औषधांची एकत्र गोळी) चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी देतात. भावाला ती मिळतेय का बघा. सेंटर बंद असेल तर नॅकोची (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची) १०९७ हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.