छापील पुस्तिकेमागचा प्रोग्राम आणि परस्पर केलेला फोन

फोंडा तालुक्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिने वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत इंटर्नशिप केली. ही कंपनी मोजमापाच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर तयार करते आणि यंत्राच्या खोक्यात त्या सॉफ्टवेअरची छापील मार्गदर्शक पुस्तिका घालून देते. या पुस्तिकांची मांडणी आपोआप व्हावी म्हणून लागणारे मॅक्रो (एकदा लिहून पुन्हा पुन्हा वापरायचे संगणकीय नियम) लिहिण्याचे काम मुलीकडे आले, ते तिला आवडले आणि इंटर्नशिप संपल्यावरही ती दर शनिवारी तिथे जात राहिली. दरम्यान तिचा सेमिस्टरचा सरासरी गुणांक (एसजीपीए) ८.४ वरून ७.९ वर आला. म्हापशाला छापखाना असलेल्या तिच्या मामांनी ‘हे तर डीटीपीचे, संगणकावर पाने लावण्याचे काम, आमच्याकडे बारावी झालेला मुलगा करतो’ असे सांगितले. त्यानंतर वडिलांनी कंपनीतील अधिकाऱ्यांना फोन करून ‘गणपतीच्या चवथीनंतर ती येणार नाही’ असे कळवले. मुलीला हे पुढच्या शनिवारी कंपनीत गेल्यावर समजले. ‘तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते, तिला यातून बाहेर काढून गेट किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेकडे कसे वळवावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण गुणांविषयी एक सबंध परिच्छेद लिहिला आहे आणि फोनविषयी एकच वाक्य. मला काळजी वाटते ती त्या एका वाक्याची. ८.४ चे ७.९ होणे ही शेवटच्या वर्षातील अगदी सामान्य गोष्ट आहे. एखादा अवघड विषय आणि एखादी बिनसलेली प्रॅक्टिकल परीक्षा एवढ्याने ती घडते, आणि पुढच्या सेमिस्टरला भरूनही निघते. फोनचे तसे नाही. एकवीस वर्षांची मुलगी स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या जागी जाते आणि आपण येथे येणार नाही हे तिला तिथल्या माणसांकडून कळते, तेव्हा त्या माणसांसमोर तिला काय वाटले असेल, याचा विचार आपल्या पत्रात कुठेच आलेला नाही.

आपण हे तिच्या भल्यासाठी केले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. गोव्यातील मध्यमवर्गीय घरांत सरकारी नोकरीला जे स्थान आहे, ते मी रोज पाहतो. ज्या घरात आजोबांनी खाणीवर किंवा कुळागरात राबून मुलांना शिकवले, त्या घराला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि निवृत्तीनंतरची सोय यांचे मोल वाटावे, यात गैर काही नाही. परंतु ती चिंता आपली आहे. ती तिच्यापुढे मांडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, तिच्या वतीने निर्णय कळवण्याचा मात्र नाही. या फोनचा पहिला परिणाम असा होईल की यापुढे ती जे काही करील ते आपल्याला न सांगता करील. दुसरा परिणाम व्यवहाराचा आहे: ज्या अधिकाऱ्याने तिचे काम पाहिले आणि जो उद्या तिला शिफारसपत्र देऊ शकला असता, त्याच्या मनात आता ‘या मुलीचे निर्णय घरचे घेतात’ अशी नोंद झाली आहे. नोकरीच्या बाजारात ही नोंद ७.९ पेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते.

म्हणून आधी हे सांगतो: आपण तिच्याजवळ बसून ‘मी तुला न विचारता फोन केला, तसे करायला नको होते’ एवढे स्पष्ट शब्दांत सांगावे. त्याला ‘पण’ जोडू नये. कंपनीला पुन्हा फोन करायचा की नाही, केला तर काय बोलायचे, हे तिचे तिला ठरवू द्यावे. आपण दुसरा फोन करून पहिला फोन पुसण्याचा प्रयत्न करू नये.

आता मामांच्या मताकडे वळतो, कारण आपला सारा निर्णय त्या मतावर उभा आहे. डीटीपी हे कौशल्याचे काम आहे आणि उत्तम ऑपरेटरची नजर सहजासहजी तयार होत नाही, हे मामांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. परंतु डीटीपी करणारा समोरचे पान पाहतो आणि तेच पान दुरुस्त करतो. मॅक्रो लिहिणाऱ्याच्या समोर पान नसते. पुढच्या वर्षी कोणीतरी वेगळाच माणूस जी पाने लिहिणार आहे, ती कशी बसावीत याचे नियम तो आज लिहून ठेवतो, आणि ते नियम तीनशे पानांवर, दर आवृत्तीला, कोणीही हात न लावता लागू पडावे लागतात. याला प्रोग्रामिंग म्हणतात. त्याचे फलित कागदावर उमटते, म्हणून ते छापखान्याचे काम ठरत नाही.

आपण ‘ही पाहा तिची कामे’ म्हणून तिच्या फाईलची दोन पाने पत्रासोबत पाठवली आहेत. ती मी बारकाईने वाचली. त्यांत आज्ञावलीतील आज्ञा छापण्यासाठी तिने एक मॅक्रो लिहिला आहे. साध्या मजकुरात शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही, तर लाटेक (ती ज्यात मॅक्रो लिहिते ती पानांची जुळणी करणारी प्रणाली) तो संयोगचिन्ह देऊन तोडते आणि वाचकाची काहीच अडचण होत नाही. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत मात्र आज्ञा अशी तुटली, तर वाचक ते संयोगचिन्हही टंकतो आणि यंत्र चूक दाखवते. शिवाय आज्ञेच्या पर्यायांपूर्वी पुष्कळदा दोन आडव्या रेघा लागोपाठ येतात. नेहमीच्या मजकुराच्या टंकात लाटेक त्या दोन रेघांची एकच लांब रेघ करते, आणि छापलेली आज्ञा दिसायला देखणी पण वापरायला चुकीची होते. सरळ अवतरणचिन्ह गोलाकार होणे, हा त्याच जातीचा दोष. आणखी एक: फाईलच्या नावात अंडरस्कोर (शब्दांना जोडणारी खालची आडवी रेघ) आला की लाटेक त्याला गणितातील खालची खूण समजते आणि चूक झाल्याचा संदेश देऊन थांबते. आपल्या मुलीच्या मॅक्रोने या चारही गोष्टी सांभाळल्या आहेत. लांबलचक फाईलनाव तुटलेच तर ते तिरप्या रेघेपाशी किंवा अंडरस्कोरपाशी, तेही कोणतेही चिन्ह न घालता तुटावे, अशी सोय तिने केली आहे, आणि प्रत्येक सोयीच्या वर ती का केली याची एक ओळ लिहून ठेवली आहे. ती शेवटची सवय मी नोकरीत मुरलेल्या अनेक अभियंत्यांत पाहिलेली नाही. ही दोन पाने आपण पुरावा म्हणून पाठवलीत, आणि ती तिच्याच बाजूने साक्ष देतात.

या कामाला प्रतिष्ठा आहे का, असा प्रश्न आपल्या पत्रात सरळ विचारलेला नसला तरी तो ओळीओळीत आहे. डोनाल्ड कनूथ यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९७४ साली मिळाला. त्यानंतर आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते इतके असमाधानी झाले की १९७७ मध्ये त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वतः लिहायला घेतली आणि तिच्यासाठी आयुष्यातील दहाएक वर्षे दिली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर मॅक्रोंचा जो संच रचला, तोच लाटेक. त्यांना २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, जरी तो त्यांच्या वेगळ्या संशोधनासाठी होता. त्याही आधी अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत युनिक्स ही संगणकप्रणाली घडत होती, तेव्हा तिचा पहिला मोठा वापर १९७१ च्या सुमारास तेथील पेटंट विभागाचे अर्ज टंकून नीट मांडण्यासाठी झाला. आजही युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर एखाद्या आज्ञेचे माहितीपान उघडले, तर ते अशाच मॅक्रोंमधून मांडले जाऊन पडद्यावर येते. मुलीला सांगा, ती आपल्याला घरच्या संगणकावर दाखवील. बोलणे सुरू व्हायला तेवढे निमित्त पुरेल.

हे सगळे तिच्या बाजूने झाले. आता तिच्यासाठी दोन कडक गोष्टी लिहितो, आणि हे पत्र आपण तिला वाचायला द्यावे अशी माझी अपेक्षा आहे.

पहिली गोष्ट अशी की छापील पुस्तिकांचे मॅक्रो लिहिणे एवढ्याच आधारावर चाळीस वर्षांचे करिअर उभे राहील, असे मला वाटत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरच्या छापील पुस्तिका केव्हाच बंद झाल्या आहेत. ज्या उरल्या आहेत त्या तिच्या कंपनीसारख्या, यंत्रासोबत कागद देणाऱ्या उद्योगांत. मजकूर एकदाच लिहायचा आणि त्यातून छापील पान, संकेतस्थळ आणि यंत्राच्या पडद्यावरची मदत अशी तिन्ही रूपे काढायची, ही आजची गरज आहे. ही कल्पनाही नवी नाही. रिचर्ड स्टॉलमन यांच्या टेक्सइन्फो या प्रणालीत १९८० च्या दशकातच एका फाईलमधून छापील पुस्तक आणि पडद्यावरची पुस्तिका अशी दोन्ही निघत असत. पुढे मोठ्या कंपन्या एक्सएमएलवर (मजकुराच्या भागांना खुणा लावण्याच्या भाषेवर) आधारलेल्या पद्धतींकडे गेल्या. आयबीएममध्ये जन्मलेली डिटा ही त्यांतली प्रमुख, आणि २००५ पासून ती एक खुले मानक आहे. मुलीने एक्सएमएल, त्याचे रूपांतर करणारी एक्सएसएलटी, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट यांत वर्षभरात हात बसवला, तर आज ती जे करते त्याला पुढे दस्तऐवज-अभियांत्रिकी आणि तांत्रिक लेखन अशी दोन दारे उघडतात. मॅक्रो हे त्या घराचे एक उत्तम दालन आहे, त्यातच मुक्काम करू नये.

दुसरी गोष्ट. मॅक्रो लिहिणाऱ्याला एक मोह होतो: सगळे इतके चातुर्याने रचायचे की दुसऱ्या कोणाला ते उलगडूच नये. अशा माणसाला कंपनी कामावरून सोडत नाही आणि बढतीही देत नाही. तिची टिप्पणी लिहिण्याची सवय चांगली आहे. आता तिने आपल्या मॅक्रोंचीच एक छोटी पुस्तिका लिहावी, जी वाचून नवा माणूस त्याच दिवशी कामाला लागेल.

टेकवर चालणारा मोठा व्यवसाय दक्षिणेत आहे. तिरुवनंतपुरम येथे १९९८ मध्ये टेक वापरकर्त्यांची भारतीय संघटना स्थापन झाली आणि २००२ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय वार्षिक परिषदही तिथे भरली. शास्त्रीय नियतकालिकांची जुळणी करणाऱ्या संस्था केरळात आणि चेन्नईत आहेत. तेथे शिकायला खूप मिळते, परंतु पानांच्या संख्येवर मोजले जाणारे उत्पादनाचे काम आणि त्यामागची साधने तयार करण्याचे काम यांत फार अंतर आहे. तिने अर्ज केलाच तर साधने तयार करण्याच्या कामासाठी करावा, आणि मुलाखतीतच हा प्रश्न स्पष्ट विचारून घ्यावा.

एका दिशेचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण ती आपल्या मातीतली आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण आपल्या लिपीच्या छपाईसाठी लागणारे शेकडो अक्षरांचे खिळे पाडणे त्या काळी साधण्यासारखे नव्हते. टेकमध्ये देवनागरीची वाट १९९१ च्या सुमारास फ्रान्स वेल्थुइस यांनी करून दिली, तीही रोमन अक्षरांत टंकून मग रूपांतर करण्याची. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेक या टेकच्या नव्या रूपामुळे युनिकोड (संगणकावरील अक्षरांची जागतिक संकेतपद्धती) देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. तरीही मराठी किंवा कोंकणी मजकूर, त्यात इंग्रजी आज्ञा आणि बाजूला इशाऱ्याची चौकट, असे मिश्र पान नीट बसवणारे तयार मॅक्रो सहज हाताशी येत नाहीत. तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयी आपण सभांतून बोलतो, पण त्याची पाने कोण मांडणार, याची चिंता फार थोडे लोक करतात. आपली मुलगी ते करू शकेल, असे तिची दोन पाने पाहून मला वाटते.

गेट आणि कर्मचारी निवड आयोग यांचे अभ्यासक्रम व तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतील. तिला स्वतःला इच्छा असेल तर तिने गेट जरूर द्यावी, कारण एम.टेक.चे दार त्यामुळे उघडे राहते आणि शनिवारच्या कामाशी त्याचे भांडण नाही. इच्छा नसताना वर्षभर आयोगाच्या परीक्षेला बसवलेली मुले मी पाहतो. त्यांतली बरीच नापास होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आपल्याला कशात गती होती हेच विसरतात.

गुणांसाठी एक उपाय आहे आणि तो या कामातूनच जातो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अजून ठरला नसेल, तर एकाच स्रोतातून मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतील पुस्तिका, कागदासाठी आणि पडद्यासाठी, तयार करणारी प्रणाली हा विषय तिने विभागप्रमुखांपुढे मांडावा. कंपनीचा मजकूर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नये. त्याऐवजी एखादे मुक्त सॉफ्टवेअर निवडून त्याची वीस पानांची पुस्तिका करावी. प्रस्तावासोबत आपण मला पाठवलेली ती दोन पाने जोडावीत, म्हणजे ती आधी तिला परत करावी लागतील. पुढचे पत्र तिने स्वतः लिहिले तर प्रस्तावाचा मसुदा मी तपासून देईन.