सहा वर्षांच्या मुलीला सांगण्यासाठी बोलणाऱ्या पाळीव प्राण्याची, गैरसमजातून मन दुखावल्याची गोष्ट सुचवाल का? शेवट रडवणारा नको.

सूफी कवी रूमीच्या मसनवीतली वाण्याच्या पोपटाची गोष्ट सांगा. मसनवी हा तेराव्या शतकातला फारसी काव्यग्रंथ, आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात रचलेला. त्याच्या पहिल्याच भागात ही गोष्ट येते. मी वाचनालयात मुलांना गोष्टी सांगते आणि त्यातली ही माझी फार लाडकी आहे.

एका वाण्याकडे हिरवागार, गोड गळ्याचा पोपट होता. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, मालक घरी गेला की दुकान राखायचा. एकदा मालक नसताना उंदरामागे धावत एक मांजर दुकानात शिरलं. पोपट जिवाच्या भीतीने उडाला आणि गुलाबतेलाच्या बाटल्या लवंडल्या. मालक परत येऊन ऐटीत बैठकीवर टेकला, तर कपडे तेलाने चिकट! मांजर केव्हाच पसार झालेलं. त्याने पोपटाच्या डोक्यात असा फटका मारला की डोक्यावरची पिसंच गेली. पोपटाचं बोलणं बंद झालं.

इथे अजिबात घाई करू नका. वाणी दाढी उपटत हळहळतो, ‘तेव्हा माझा हातच का नाही मोडला’ म्हणतो. दिसेल त्या फकिराला दानधर्म करतो, पोपटाने बोलावं म्हणून त्याला नाना गमती दाखवतो. तीन दिवस, तीन रात्री पोपट गप्पच. आधी वाण्यावर चिडलेली मुलं इथे हळूहळू त्याच्यासाठीही कासावीस होतात. मग रस्त्याने एक फकीर येतो, डोकं पालथ्या वाडग्यासारखं तुळतुळीत. आणि पोपट एकदम ओरडतो, ‘काय रे टकल्या, तूही तेलाची बाटली सांडलीस का?’

लोक खो खो हसतात. मुलंही हसतात. मी फकिरालाही हसवते, म्हणजे कुणाच्या टकलाची टिंगल झाल्यासारखं वाटत नाही.

संतांना आपल्या मापाने मोजू नये, हे रूमीला यातून सांगायचं होतं. सहा वर्षांच्या मुलीला ते नको. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच: वाण्याने पोपटाला काहीच विचारलं नाही, थेट हात उगारला. पोपट मात्र फकिराला विचारतो. चुकीचं अनुमान दोघांचंही, पण पोपटाच्या चुकीने कुणाला लागत नाही. मांजराच्या ओळी सगळ्या प्रतींमध्ये सापडत नाहीत, तरी तुम्ही मांजर ठेवाच. त्याच्याशिवाय पोपट निर्दोष आहे हे मुलांना कळणार कसं?

गैरसमजाची अशीच एक गोष्ट, बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाची, पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या भागात आहे. मोठी गोष्ट आहे, पण तिथे मेलेला साप दिसेपर्यंत मुंगूस मारलं गेलेलं असतं. पश्चात्ताप ऐकायला कुणी उरत नाही. इथे ज्याला लागलं तो समोर बसलाय, आणि त्याला पुन्हा बोलतं करायची धडपड म्हणजेच अर्धी गोष्ट. लहान मुलांना ही धडपड दाखवणं मला फार गरजेचं वाटतं, कारण घरात-शाळेत त्यांची भांडणं अशीच, अर्धवट ऐकून होतात.

गोष्ट ऐकून पोपट पाळायचा हट्ट झालाच, तर आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हेही तेव्हाच सांगून टाका.

पोपट बोलल्यावर वाण्याने काय केलं, हे रूमी सांगत नाही. ते तुमच्या मुलीला विचारा आणि तिचं उत्तर काहीही असो, दुरुस्त करू नका. माझ्याकडच्या काही मुलांना वाण्याने आधी माफी मागायला हवी असते, आणि काहींना आधी ते मांजर शोधून आणायचं असतं.