‘फॉर्टी-नायनर’: वय नव्हे, साल

प्रश्न असा आहे: ‘ओ माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ या अमेरिकी गाण्यात क्लेमेंटाइनच्या बापाला ‘मायनर, फॉर्टी-नायनर’ म्हटलंय. एका मराठी भाषांतरात त्याचा ‘एकोणपन्नास वर्षांचा खाणकामगार’ झालेला दिसला. हे बरोबर का? आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं ‘फॉर्टी-नायनर्स’ हे नाव याच गाण्यावरून पडलं का?

भाषांतर चुकलंय. एकोणपन्नास हे त्या माणसाचं वय नाही, १८४९ हे साल आहे. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा इथे, जॉन सटरची लाकूड कापायची गिरणी बांधत असताना, जेम्स मार्शल या सुताराला पाण्यात सोन्याचे कण दिसले. मग ‘फॉर्टी-एटर’ का नाही? कारण बातमीलाच वेळ लागला. रेल्वे नाही, तारायंत्र तिथवर पोचलेलं नाही. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष पोक यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, सोन्याच्या बातमीला दुजोरा दिला तेव्हा कुठे पूर्वेकडची माणसं खरी हलली. कुणी बैलगाड्यांच्या तांड्यातून निघाले, कुणी पनामामार्गे, तर कुणी दक्षिण अमेरिकेला अख्खा वळसा घालून जहाजाने. हा लोंढा पोचला तो १८४९ मध्ये, म्हणून ते फॉर्टी-नायनर.

मराठीत अडचण कुठे येते पाहा. आपण साल घटनेला जोडतो: सत्तावनचं बंड, बहात्तरचा दुष्काळ. माणसाला ते थेट चिकटत नाही. ‘कर’ हा आपला हुकमी प्रत्यय, पण तो गावाला लागतो. पुणेकर होतो, एकोणपन्नासकर होत नाही. इंग्रजीतला ‘-अर’ मात्र गावालाही चालतो (लंडनर) आणि सालालाही. अमेरिकेत तर हा साचा चांगलाच रुळला. १८४८ ची क्रांती फसल्यावर जर्मनीतून आलेले ते फॉर्टी-एटर, १८५९ मध्ये सोन्यासाठी कोलोराडोकडे धावलेले फिफ्टी-नायनर, १८८९ मध्ये ओक्लाहोमात जमिनी बळकावायला सुटलेले एटी-नायनर.

‘खाणकामगार’वरही माझा आक्षेप आहे. कामगार म्हटला की मालक आला, पगार आला, भोंगा आला. सुरुवातीचे हे लोक स्वतःपुरते नदीकाठी बसून, तसराळ्यात वाळू घोळून सोनं शोधत. आपल्याकडे सराफांच्या दुकानातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. काम पाहिलं तर हा माणूस त्यांच्या जवळचा. झारेकरी हा शब्द इथे वापरा असं मी म्हणणार नाही, तो फारच देशी वास घेऊन येईल. गाण्यातला बाप तर घळीत खणतोय. ‘सोनं शोधायला आलेला’ एवढं सरळ म्हटलं तरी पुरे. गद्यात ‘एकोणपन्नासच्या लोंढ्यात सोन्यामागे आलेला’ असं करावं. चालीत बसवायचं असेल तर साल सोडून द्या आणि सोनं ठेवा.

मुळात या गाण्यात अर्थापेक्षा यमकाचं राज्य आहे. ‘माइन’, ‘नायनर’, ‘क्लेमेंटाइन’, तिच्या बुटाचं मापसुद्धा नऊ, म्हणजे ‘नाइन’. ती बदकांना पाण्याकडे नेताना ठेचकाळून पडते ती ‘ब्राइन’मध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यात. डोंगरातल्या घळीत खारं पाणी कुठून आलं, हे विचारायचं नाही. गाणं शोकगीताचा आव आणतं, पण आहे ते शोकगीतांची टिंगल करणारं. प्रियकर काठावर उभा, त्याला पोहता येत नाही, प्रेयसी बुडबुडे सोडत बुडते. आणि काही पाठांत हा गृहस्थ तिच्या धाकट्या बहिणीचं चुंबन घेऊन तिला विसरूनही जातो.

आणखी एक गंमत. लोकगीत म्हणून गायलं जात असलं तरी हे छापील गाणं आहे. आज गातात तो पाठ पर्सी माँट्रोझच्या नावावर १८८४ मध्ये निघाला. त्याआधी १८६३ मध्ये एच. एस. थॉम्पसनचं याच नायिकेचं गाणं छापलं गेलं होतं. त्यात क्लेमेंटाइन आहे, तिचं जाणं आहे, पण सोनं शोधणारा बाप नाही. म्हणजे ‘फॉर्टी-नायनर’ गाण्यात शिरला तो सोन्याची धामधूम ओसरून तीसेक वर्षं उलटल्यावर.

फुटबॉल संघाचं म्हणाल तर ते नाव गाण्यावरून नाही, गाण्याने ज्यांचं नाव घेतलं त्या माणसांवरून आहे. संघ १९४६ चा. त्याच वर्षी जॉन फोर्डचा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ हा चित्रपट आला. त्यात नाव आणि चाल या गाण्याची, कथा मात्र ॲरिझोनातल्या टूमस्टोनची. चाल तर शब्द टाकून कुठल्या कुठे गेली. चीनमध्ये मुलं तिच्यावर नववर्षाचं गाणं म्हणतात. आणि ‘सी.आय.डी.’ (१९५६) मधलं जॉनी वॉकरवर चित्रित झालेलं, मुंबईला उद्देशून असलेलं ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ गुणगुणून पाहा. ओ. पी. नय्यर यांनी मुखडा तिथूनच उचललाय.

राहता राहिला उच्चार. फ्रेंच नाव म्हणून ‘क्लेमाँतीन’ म्हणायला हरकत नाही, संत्र्याच्या जातीलाही बरेच जण ‘क्लेमेंटीन’ म्हणतात. या गाण्यात मात्र ‘टाइन’च हवं, नाहीतर ‘माइन’शी यमक जुळत नाही.