सौरवादळांचा अंदाज: छंद की करिअर?

"मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. मे २०२४च्या सौरवादळापासून रोज रात्री केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा) पाहिल्याशिवाय झोपत नाही. पुढे हेच काम करायचं आहे. घरचे म्हणतात, हा छंद झाला, यात नोकरी कोण देणार? भौतिकशास्त्रच पुढे नेऊ की संगणकाकडे वळू?"

तुझ्या घरच्यांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो. अवकाश हवामानाचा, म्हणजे सूर्यावरच्या घडामोडींचा पृथ्वीभोवती काय परिणाम होईल याचा, अंदाज वर्तवणाऱ्यांच्या जागा जगभरात मोजक्याच आहेत. अमेरिकेतलं बोल्डरचं केंद्र किंवा ब्रिटनचं हवामान खातं अशा थोड्या ठिकाणी हे काम चोवीस तास पाळ्यांमध्ये चालतं. पण या अंदाजाची गरज असणारे पुष्कळ आहेत: उपग्रह चालवणारे, वीजवहनाचं जाळं सांभाळणारे, ध्रुवाजवळून विमानं नेणारे. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ गमावले गेले, आणि ते वादळ किरकोळ म्हणावं असंच होतं. वरचं विरळ वातावरण तापून फुगलं, घर्षण वाढलं आणि उपग्रहांना वर चढताच आलं नाही. अशा ठिकाणी अंदाजाचा अर्थ समजावून सांगणारं माणूस लागतं. जाहिरातीत पदाचं नाव वेगळं असेल, एवढंच.

आता कामाबद्दल, कारण तू ते खगोलशास्त्रासारखं समजते आहेस असं पत्रावरून वाटतं. हे काम हवामानवाल्यांच्या जास्त जवळचं आहे. समज, करोनाग्राफच्या (सूर्याभोवतीचा मंद प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणीच्या) चित्रात सूर्याभोवती सगळीकडून पसरणारं प्रभावळीसारखं कडं दिसलं. द्रव्याचा तो लोट आपल्याकडे येतोय की सूर्याच्या पलीकडे चाललाय? करोनाग्राफमध्ये सूर्यबिंब झाकलेलं असतं, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात. मग बिंबाची अतिनील चित्रं काढून उद्रेकाची खूण शोधायची. खूण सापडली तर तो येतोय. केव्हा पोहोचेल? संगणकावरची प्रारूपं वेळ सांगतात, पण त्यांची सरासरी चूक दहा तासांच्या आसपास असते. आणि खरी गोम पुढेच आहे. लोटातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर वादळ जोरात, उत्तरेकडे असेल तर बराच जोर ओसरतो. ही दिशा खात्रीने कळते ती तो लोट पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवरील यानांपर्यंत आल्यावर. तिथून पुढे हातात साधारण १५ ते ६० मिनिटं उरतात. तोवर अर्ध्या माहितीवरच इशारा द्यायचा की नाही हे ठरवायचं असतं, आणि चुकलं तर आपल्या नावावर. हे तुला झेपेल का, आवडेल का, हा माझ्या मते विषय निवडीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर घरबसल्या मिळतं. एक वही कर. रोज रात्री केपी नुसता बघू नकोस. उद्याचा सर्वाधिक केपी किती असेल ते लिही, आणि का ते एका ओळीत लिही. सूर्य आपल्याला २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करताना दिसतो, म्हणून २७ दिवसांपूर्वी काय झालं होतं तेही पाहा. सूर्याच्या किरीटातलं (बाहेरच्या तप्त वातावरणातलं) तेच विवर पुन्हा समोर येऊन वेगवान सौरवारा सोडत असेल. शेजारी आणखी एक रकाना ठेव: 'उद्या आजच्यासारखंच'. तीन महिन्यांनी तुझा अंदाज या बिनडोक्याच्या रकान्यापेक्षा सरस ठरतो का, ते मोज. सुरुवातीला बहुधा ठरणार नाही. नाउमेद होऊ नकोस, हा रकाना भल्याभल्यांना दमवतो.

भौतिकशास्त्र सोडू नकोस. विद्युतचुंबकत्व आणि प्लाझ्मा कच्चे राहिले तर पुढे सगळंच पाठांतर होईल. पायथन आणि संख्याशास्त्र मात्र आजपासून जोडीला घे. भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानाची निरीक्षणं खुली आहेत, त्यांवर हात बसव. संशोधनात जायचं तर पीएचडीला पर्याय नाही.

आणखी एक. सूर्याची खळबळ वाढण्या-ओसरण्याचं सौरचक्र साधारण ११ वर्षांचं. तुझं एमएस्सी होईपर्यंत आताचं २५वं चक्र उतरणीला लागलेलं असेल, मे २०२४सारख्या रात्री दुर्मीळ होतील. त्या शांत दिवसांतही वही चालू ठेव. आणि तीन महिन्यांनी मला लिहिशील तेव्हा अंदाज बरोबर आलेली नकोत, सर्वांत जास्त चुकलेली पाच पानं पाठव.