३२ हजारांचा टो-बार आणि १ लाख २० हजारांचा हप्ता

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढून एका केटरिंगवाल्यांचं पत्र आलंय. वय ३८, घरात आई, पत्नी आणि दोन मुलं. तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणाच्या वर्षाला ४० च्या आसपास ऑर्डरी. सात सीटर व्हॅन आणि तिच्यामागे जोडायची लोखंडी ट्रॉली. भट्ट्या, सिलिंडर, पातेली चढवली की ट्रॉलीचं वजन ७०० किलोच्या घरात जातं. परवा गगनबावड्याकडची ऑर्डर उरकून रात्री पावसात परत येताना मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न मारमारून त्यांना थांबवलं. ट्रॉलीचा एकही दिवा लागत नव्हता. टॉर्च मारून बघितलं तर टो-बारच्या, म्हणजे व्हॅनला ट्रॉली जोडणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, वेल्डिंगला तडा गेलेला, आणि वायरिंगवरची टेप वितळून चिकटलेली.

गॅरेजवाल्याने दोन आकडे सांगितले. जुन्यालाच पट्टी मारून वेल्डिंग आणि नवी टेप, साडेचार हजार. नवा टो-बार आणि रिलेसह वेगळं वायरिंग, ३२ हजार. पत्राचा शेवट असा: "सर, पुढच्या महिन्यात पॉलिसीचा १ लाख २० हजारांचा हप्ता आहे. गेल्या वर्षी मिसेसच्या पाटल्या ठेवून भरला होता. म्हणून आत्ता साडेचारात भागवावं, की दागिन्यांवर थोडं जास्त उचलून दोन्ही करून टाकावं?"

टो-बारचं आधी सांगतो, कारण ते तुम्ही विचारलंय. पाटल्यांचं विचारलेलं नाही, ते वाक्यात जाता जाता आलंय. पण खरा खड्डा तिथेच आहे.

साडेचार हजारांचा पर्याय डोक्यातून काढा. मी मेकॅनिक नव्हे, म्हणून तुम्ही पाठवलेले फोटो घेऊन उद्यमनगरात ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा केला आणि म्हणाला, "साहेब, ह्येनं व्हॅनची वायर सोलून तिलाच पिळा मारलाय. रिले न्हाई, फ्यूज न्हाई. आन अर्थची वायर तर दिसतच न्हाई, हुकातनंच अर्थ घेतलीया." म्हणजे काय, तेही त्याने समजावलं. ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा. व्हॅनचे दोन आणि ट्रॉलीचे दोन मिळून ८४ वॅट, १२ व्होल्टवर ७ अँपिअर. कंपनीने ती बारीक वायर निम्म्या लोडसाठी दिलेली असते. घाटात पाय सारखा ब्रेकवर, वायर तापणारच. शिवाय हुकाच्या गोळ्यावर ग्रीस आणि गंज असला की अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट, सुटते, मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो किंवा सगळंच विझतं. रिले बसवला की व्हॅनच्या वायरीतून फक्त इशारा जातो, करंट थेट बॅटरीवरून स्वतःच्या फ्यूजमधून येतो. सात पिनांचं सॉकेट, त्यात अर्थची स्वतंत्र वायर. आणि टो-बार बंपरच्या पत्र्याला नव्हे, चासीला नट-बोल्टने बसलेला हवा. वितळलेल्या टेपपासून तुमचा सिलिंडर किती अंतरावर आहे, ते तुम्हीच मोजा.

हिशोबही ३२ हजारांच्याच बाजूने जातो. तुम्ही लिहिलंय की ट्रॉली नसेल तर टेंपोला प्रत्येक ऑर्डरमागे ३ हजार द्यावे लागतात. ट्रॉली ओढायचं जादा डिझेल ५०० धरू. वाचले अडीच हजार. १३ ऑर्डरींत टो-बारचे पैसे वसूल.

इथेच उत्तर संपवलं असतं, पण तुम्ही व्हॅनचा फोटो मागून काढलाय आणि त्यात पांढरी नंबर प्लेट दिसते. ट्रॉलीला तर नंबरच नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ट्रेलरही येतो. त्याला नोंदणी लागते, विमा लागतो. तुमची ट्रॉली आधीच्या मालकाने वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेली. आणि व्हॅनची खासगी पॉलिसी काढून वापराच्या मर्यादांची ओळ वाचा. मालवाहतूक चालणार नाही, अपवाद फक्त नमुने आणि वैयक्तिक सामान, असं तिथे छापलेलं असतं. ३०० माणसांच्या रश्श्याची पातेली वैयक्तिक सामानात बसत नाहीत.

गळीत हंगामात रात्री सांगली रस्त्याने गेलेल्या कुणालाही बिनदिव्याची उसाची ट्रॉली म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. तुम्ही त्या रात्री तेच होऊन चालला होता. समजा २८ वर्षांचा, महिना २५ हजार कमावणारा, बायको आणि एक मूल असलेला मोटारसायकलवाला मागून धडकला असता. भरपाई कशी मोजतात, ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिलंय. वर्षाचं उत्पन्न ३ लाख, पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून ४ लाख २० हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा, राहिले २ लाख ८० हजार. त्या वयाला गुणक १७. झाले ४७ लाख ६० हजार, वर व्याज. विमा कंपनी पॉलिसीच्या अटी मोडल्याचं दाखवणार, आणि कोर्ट पुष्कळदा सांगतं की आधी त्या घराला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे तुम्ही.

तेव्हा ट्रॉली आजपासून उभी. आरटीओत जाऊन पासिंग होईल का विचारा. दुकानात जोडलेल्या ट्रॉलीचं ते अवघड असतं, खोटी आशा दाखवत नाही. मंजुरी असलेल्या उत्पादकाची ट्रॉली घ्याल, व्हॅनचे कागद धंद्याप्रमाणे कराल, तेव्हा ३२ हजारांचा टो-बार जरूर बसवा. तोवर टेंपो. ३ हजार भाडं २५० ताटांवर वाटलं तर ताटामागे १२ रुपये. मटणाच्या ताटाला १२ रुपये वाढवले म्हणून कोल्हापुरात कुणी उपाशी उठल्याचं ऐकिवात नाही.

आता पॉलिसी. तुम्ही कागद जोडले नव्हते, मागवून घेतले. दोन वर्षांपूर्वी धंद्याच्या कर्जासाठी बँकेत गेलात, साहेबांनी सांगितलं की सोबत ही पॉलिसी घ्यावी लागते, १० वर्षं भरा, २० व्या वर्षी दुप्पट. पहिला हप्ता मंजूर झालेल्या कर्जातूनच कापला. पडताळणीचा फोन येईल तेव्हा सगळ्याला 'हो' म्हणा, हेही शिकवलं. तुम्ही म्हणालात. आता तुमचा तो 'हो' रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि साहेबांची बदली झालीय.

कर्जाला पॉलिसीची सक्ती करता येत नाही. साधा नियम आहे, आणि रोज मोडला जातो.

'दुप्पट' या शब्दावर माणूस फसतो, कारण किती वर्षांत ते विचारायचं राहून जातं. तुम्ही १२ लाख भरणार, २४ लाख मिळणार. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११, सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे दुप्पट व्हायला किती दर लागतो ते ढोबळ काढायचं तर ७२ ला वर्षांनी भागतात. इथे ७२ ला साडेपंधराने भागा. साडेचार टक्के आणि थोडं. साध्या एफडीलाही लाज वाटेल असा दर. आणि त्यासाठी तुम्ही पाटल्यांवर महिना शेकडा एक रुपयाने, म्हणजे १२ टक्क्यांनी, पैसे उचलले. १ लाख २० हजारांवर वर्षाला १४,४०० व्याज. बाराने आणून साडेचाराने लावायचे! रश्श्याच्या धंद्यात असा व्यवहार केला असता तर पहिल्या महिन्यात भट्टी विझली असती.

हप्त्याची तारीखही बघा. कर्ज मंजूर झालं त्या दिवसाची तारीख पडली, आणि तो महिना श्रावण. आखाडात तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्र्यंबोलीच्या जत्रेच्या दिवसांत तर ऑर्डर नाकारावी लागते असं तुम्हीच लिहिलंय. श्रावण लागला की सगळा शुकशुकाट. मटणाचं जेवण करणाऱ्याला श्रावणात सव्वा लाखाचा हप्ता लावून देणाऱ्याने तुमचा धंदा काय आहे हे एकदा तरी विचारलं होतं का? यंदा टो-बारसाठी पैसे नाहीत असं तुम्हाला वाटतंय. पैसे आहेत. ते सगळे त्या तारखेसाठी बाजूला बसलेत आणि तरीही पुरत नाहीत.

बरं, विमा म्हणून तरी? तुम्ही गेलात तर घरी १२ लाख. तुमच्या घरचा खर्च महिना ३५ हजार, वर्षाचे ४ लाख २० हजार. तीन वर्षंही निघत नाहीत, आणि बँकेचं कर्ज त्यातूनच फेडायचं. धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम चौथीत असेल.

"पण २ लाख ४० हजार भरलेत, ते बुडतील," हे तुम्ही फोनवर तीनदा म्हणालात. काही बुडतील, हो. कंपनीकडून सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केली तर परत मिळणारी, रक्कम लेखी मागा. जुन्या नियमाने दोन हप्त्यांनंतर किमान ३० टक्के, म्हणजे ७२ हजार. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या सुधारित नियमांखालची असेल तर आकडा बरा यायला हवा. वाईटात वाईट ७२ च धरू. ते ७२ हजार आणि उरलेले आठ हप्ते सात टक्क्यांनी कुठे सुरक्षित ठेवले, पीपीएफचा दर त्याच घरात आहे, तर त्याच २० व्या वर्षी साधारण २८ लाख होतात. पॉलिसीचे २४. म्हणजे १ लाख ६८ हजारांचं पाणी सोडूनही तुम्ही पुढेच राहता. आणि तुमच्याकडे तर ते आठ हप्ते उसने आणल्याशिवाय नाहीतच.

पेड-अप करून ठेवा, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर पॉलिसी तशीच ठेवा, असं कुणीतरी सुचवेल. हातात पैसा खेळता असेल त्याच्यासाठी तो विचार बरा आहे. तुमच्या डोक्यावर १२ टक्क्यांचं कर्ज आहे आणि पाटल्या तिजोरीत आहेत, दुसऱ्याच्या. १८ वर्षांनी मिळणाऱ्या रकमेपेक्षा आजचे ७२ हजार तुमच्या जास्त कामाचे.

सरेंडरआधी दोन गोष्टी तपासा. पॉलिसी कर्जापोटी बँकेच्या नावे असाइन केलीय का, म्हणजे तिचे हक्क बँकेला लिहून दिलेत का, हे कर्जाच्या कागदात बघा. केली असेल तर आधी बँकेशी लेखी बोलणं करावं लागेल. दुसरं, चालू खात्यातून हप्ता आपोआप कापायची सही तुम्ही दिलेली आहे, फॉर्मच्या चौथ्या पानावर मला ती दिसली. ते मॅन्डेट या आठवड्यात रद्द करा, नाहीतर मटणवाल्याला द्यायचे पैसे त्या दिवशी सकाळी गायब झालेले दिसतील.

तक्रारही करा. आधी बँक आणि विमा कंपनी, मग महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही. पहिला हप्ता कर्जातून कापल्याची नोंद तुमच्या खात्याच्या उताऱ्यात आहे, हा तुमचा सगळ्यात दणकट पुरावा. पूर्ण पैसे मिळतीलच असं धरून मात्र खर्चाचा बेत आखू नका.

विमा हवाच आहे, पण खरा. साठीपर्यंतचा १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला १५ ते २० हजारांत बसतो. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढू दे. आणि रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवायची सवय असेल तर कंपनी १ कोटी देणार नाही, ५० लाखांवर बोळवण करेल. तेही आजच्या १२ पेक्षा चौपट आहे. हा प्लॅन हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सरेंडर करू नका. हप्त्याच्या तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरेल.

यंदाच्या आखाडाचं जे शिल्लक राहील त्यातून टर्मचा हप्ता, मग श्रावण ते पितृपंधरवडा निभावेल इतके ७०-८० हजार बाजूला. सरेंडरचे पैसे सरळ सोन्याच्या कर्जात. ७२ हजार आले तर ४८ हजार उरतात, ते दिवाळीपर्यंत फिटतील. ते कर्ज वहिनींच्या नावावर असेल तर दागिने सोडवताना सही त्यांचीच लागते. मूळ पावती शोधून ठेवा, आणि वजन तिथेच काट्यावर बघून घ्या.