थेरपीचा उपयोग झाला नाही, मीच कमी पडले का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. आई गेल्यापासून झोप नाही, सारखी छातीत धडधड, म्हणून थेरपी सुरू केली. मॅडम प्रेमळ होत्या पण दर वेळी विचारांचा तक्ता (मनात आलेले विचार लिहायचा कागद) भरून आणायला लावायच्या आणि मला आईबद्दल बोलायचं असायचं ते राहूनच जायचं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी "हो, बरं वाटतंय" म्हणत राहिले, शेवटी जाणंच सोडलं. घरचे म्हणतात तूच मनावर घेतलं नाहीस.

उत्तर: अगं नाही, हे तुझ्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही. थेरपीत नुसता जिव्हाळा पुरत नाही. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्येच मांडलं होतं की दोघांचं नातं तर हवंच, पण कशासाठी भेटतोय आणि त्यासाठी काय करायचं यावरही दोघांचं एकमत हवं. तुमचं नातं छान होतं, पण तुला आईसाठी रडायचं होतं आणि काम चाललं होतं तक्त्याचं.

आणि "बरं वाटतंय" म्हणणारी तू एकटी नाहीस गं. डेव्हिड रेनी या कॅनडातल्या संशोधकाने 1994 मध्ये हेच दाखवलं, क्लायंट थेरपिस्टचा मान राखायला नाराजी गिळतात. आपल्याकडे तर मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे लहानपणापासूनच शिकवलेलं. बरं, थेरपिस्टला आपोआप कळेल म्हणावं तर तेही नाही! अमेरिकेतल्या 2005 च्या एका अभ्यासात 550 पैकी 40 जणांची तब्येत थेरपीच्या काळात आणखी बिघडली, थेरपिस्टांनी आधी अंदाज केला होता फक्त 3 जणांचा. म्हणून दर काही भेटींनी "फायदा होतोय का" हे विचारणं, तेही नाही म्हणायला जागा ठेवून, हे त्यांचं काम आहे असं मी ठामपणे म्हणेन.

जमलं तर एकदा जाऊन सांग, "मॅडम, तक्त्याने मला काही होत नाहीये, मला आईबद्दल बोलायचंय." चांगली थेरपिस्ट हे ऐकून घेते, पद्धत बदलते किंवा दुसऱ्या कुणाकडे पाठवते. चिडल्या किंवा तुलाच दोष दिला तर खुशाल दुसरीकडे जा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असशील तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन बिनधास्त विचार.

धडधडीसाठी फिजिशियनला दाखव, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, कधीकधी कारण तिथेही असतं. आणि रात्री फारच घाबरल्यासारखं झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.